गव्याचे रेखाटन (बालचित्रकला, कोल्हापूर)

रानातल्या प्राण्याचे चित्र मुलांना शिकवताना कोल्हापूर परिसरात सुरुवात गव्यापासून करणे सर्वांत योग्य. जिल्ह्याच्या पश्चिमेचे राधानगरी अभयारण्य गव्यांसाठीच ओळखले जाते. १९५८ मध्ये त्यातले दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखीव झाले; आज अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौ. किमी. असून २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात मोडते. शिवाराकडेला उतरलेल्या गव्यांच्या गोष्टी इथल्या मुलांनी घरीच ऐकलेल्या असतात.

अडचण नावापासून सुरू होते. ‘गवारेडा’ म्हटले की मूल रेडा काढते. गल्लीत, गोठ्यात रोज म्हैस दिसत असल्याने मागे वळलेली चपटी शिंगे हाताला सरावाची असतात. प्रत्यक्षात गवा म्हशीच्या नव्हे, गाय-बैलाच्या ‘बॉस’ या प्रजातीतला. त्यामुळे म्हशीपेक्षा बेंदराला घरोघरी पुजला जाणारा मातीचा बैल त्याच्या अधिक जवळ जातो.

हाच बैल शिकवण्याचे उत्तम साधन ठरतो. ओल्या मातीचा बैल मुलांकडून करवून घ्यावा, मग त्याचे वशिंड काढून टाकायला सांगावे. गव्याला बैलासारखे मांसल वशिंड नसते. त्याच्या पाठीच्या मणक्यांचे वरचे काटे लांब असतात, त्यामुळे खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा दिसतो आणि तिथे तो पायरीसारखा एकदम उतरतो. काढलेली माती तिथे लांबट चढवून बोटाने ती पायरी दाबली, की गवा समोर उभा राहतो. बोटाला कळलेली ही पायरी नंतर पेन्सिलीतही उतरते. फळ्यावर दहा वेळा काढून दाखवल्याने ती तितकी पक्की होत नाही.

कागदावर मुले डोळ्यापासून किंवा शिंगांपासून सुरुवात करतात आणि मागचे धड कागदाबाहेर जाते. म्हणून पहिली रेघ पाठीची. तिच्याखाली खोल छाती, मग मान, डोके सर्वांत शेवटी. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी पावणेसहा फुटांच्या आसपास भरतो, तरी छाती इतकी खोल असते की पाय आखूड वाटतात. सात-आठ वर्षांखालील मुले चारही पाय एका ओळीत काढतात. ते खोडायला लावू नयेत. त्या वयात आकाराचा धीटपणा टिकला पाहिजे, पुढचे-मागचे पाय नंतर आपोआप सुटे होतात.

शिंगे बाजूला जाऊन वर वळतात व टोके आत झुकतात. बुंधा पिवळसर, टोक काळे. दोन शिंगांमध्ये कपाळाचा फुगीर उंचवटा असतो, त्यावर फिकट राखाडी केस. तो सुटला तर चित्र पुन्हा बैलाचे होते. गुडघ्याखालचे पांढरे पाय मात्र कुणाला सांगावे लागत नाहीत; मुले त्यांना ‘मोजे’ म्हणतात.

रंगासाठी नुसता काळा वापरल्यास स्नायूंचे उठाव बुडतात. गडद तपकिरीत थोडा निळा मिसळावा आणि पाठीच्या वरच्या कडेला उजेड राखावा. कागद मोठा असेल तर कोळसा सर्वांत चांगला. नवजात वासरू काळे काढणे ही नेहमीची चूक आहे. ते फिकट सोनेरी असते आणि वाढत्या वयाबरोबर गडद होते.

निरीक्षणासाठी दाजीपूरला पहाटे किंवा सायंकाळी, वाहनातून आणि दुरूनच पाहावे. गवा कळपात शांत चरतो, पण एकटा नर किंवा पिलासोबतची मादी अंगावर येऊ शकते. रेखाटनासाठी जवळ जाणे टाळावे. शहरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयातील पेंढा भरलेल्या प्राण्यांवरून शिंग, खूर, केसांची दिशा जवळून अभ्यासता येते. उभे राहण्याची ढब मात्र तिथून घेऊ नये. जिवंत गवा दचकला की मान उंचावून थबकतो, मग सारे अंग एका दिशेला वळवतो, आणि पाठीचा तो कणा सर्वांत स्पष्ट दिसतो तो नेमका त्याच क्षणी.