ठिणग्या जास्त, धार कमी

धुळ्याच्या बाजारात धार लावणाऱ्याच्या चाकाभोवती दोन-चार माणसं थांबतातच. "कितल्या ठिणग्या उडी ऱ्हायन्यात!" असं कौतुकानं म्हणत आपलीही पटाशी पुढे करतात. ठिणग्या भरपूर म्हणजे धार झकास, हा हिशेब सुताराच्या साध्या पोलादी हत्यारांपुरता तरी उलटा आहे.

ठिणगी म्हणजे घासून सुटलेला आणि हवेत जळणारा पोलादाचा कण. पण सगळी उष्णता कणाबरोबर उडून जात नाही, काही पात्यातही शिरते. जाड भागात ती पसरते. धारेपाशी पसरायला धातूच नसतो, म्हणून क्षणात कड निळी पडते.

निळा रंग नुसता ऑक्साइडच्या पातळ थराचा. तो घासला की जातो. खरं नुकसान आत होतं. पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकदम थंड केलं, की कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ते लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतात. जाळी ताणलेली राहते, अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. हाच तो कठीणपणा. या रचनेचं नाव मार्टेन्साइट. ती काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून पोलाद पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून तिचा ताण जरा उतरवतात. तेव्हा फिका पिवळा रंग येतो, २५० च्या सुमारास तपकिरी, ३०० ला निळा. प्रत्येक पायरीला आणखी कार्बन जाळीतून सुटतो, त्याचे कार्बाइडचे कण बनतात आणि पोलाद मऊ होत जातं. निळी पडलेली पटाशी घाईघाईनं पाण्यात बुडवून हे परत फिरत नाही. त्यासाठी पुन्हा ८०० अंशच गाठावे लागतील. नाहीतर निळा भाग घासून टाकायचा.

ओल्या चाकावर ही वेळ येत नाही. धारेवर ओल आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शिवाय चाक संथ असतं. १५० मिलिमीटरचं कोरडं चाक मिनिटाला २८५० फेरे घेतं, तेव्हा त्याची कड सेकंदाला २२ मीटर धावते. २५० मिलिमीटरचं ओलं चाक ९० फेऱ्यांत जेमतेम सव्वा मीटर. वेळ लागतो, पण २५ अंशांचा कोन शांतपणे धरता येतो.

घासता घासता धारेच्या पलीकडे धातूचा पातळ पापुद्रा वळतो. बोटाला खरखर लागते, ती त्याची. पुष्कळ जण त्यालाच धार समजतात; पहिल्या लाकडात तो मोडतो. चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून, पातं मागे ओढत तो काढायचा.

पिरॅमिडखाली ठेवलेल्या ब्लेडला आपोआप धार येते म्हणतात. कारेल द्रबल यांना चेकोस्लोव्हाकियात १९५९ साली त्याचं पेटंटही मिळालं, आणि वास्तूचे पिरॅमिड विकणारे अजून ते सांगतात. पेटंट म्हणजे पुरावा नव्हे.

खानदेशातल्या मे महिन्यात ओल्या चाकाखालच्या भांड्यातलं पाणी बघता बघता आटतं, भरत राहा. मात्र काम झालं की ते ओतून द्या. चाक सच्छिद्र असतं. रात्रभर अर्धं पाण्यात राहिलं तर एका बाजूनं जड होऊन सकाळी डुगडुगत फिरतं.