श्लॉस योहानिसबर्ग रीझलिंग : घरी नेण्याआधी एवढं वाचा

"बाटलीत काचेचे तुकडे निघाले." रीझलिंग या पांढऱ्या वाइनची बाटली आमच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवून ग्राहक हे सांगतात, तेव्हा तळाशी खरोखरच चकाकणारे बारीक खडे असतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला : फ्रीझरमध्ये ठेवली होती का? उत्तर बहुतेक वेळा "हो, रात्रभर" असंच येतं.

ती काच नाही आणि साखरही नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, आपल्या चिंचेत असतं तेच. वाइन फार गार झाली की हे आम्ल पोटॅशियमशी जोडलेल्या क्षाराच्या रूपात खड्यांसारखं तळाशी बसतं. केक करणाऱ्यांच्या घरी क्रीम ऑफ टार्टरची पुडी असते, तो हाच पदार्थ. एक खडा बोटावर घेऊन जिभेला लावा, आंबट लागेल. अपाय काही नाही. शेवटचा ग्लास हलक्या हाताने ओता, खडे बाटलीतच राहतील.

थंड प्रदेशातल्या वाइनमध्ये हे जास्त दिसतं, कारण तिथे द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्याचा आंबटपणा टिकून राहतो. श्लॉस योहानिसबर्ग हा द्राक्षमळा जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी, ऱ्हाइनगाउ भागात आहे. पुणे साडेअठरा अंशांवर, तर तिथे ५० अंश उत्तर अक्षांशाची रेषा मळ्यातूनच जाते. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे मिळेल तेवढं ऊन द्राक्षाला लागतं. टेकडीवर सुमारे ११०० साली बेनेडिक्टाइन पंथाचा ख्रिस्ती मठ उभा राहिला आणि १७२० मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर रीझलिंग जातीचं द्राक्ष लावलं गेलं. १७७५ ची हकिकत तिथे आजही सांगतात. तोडणीची परवानगी मळ्याच्या मालकाकडून, म्हणजे फुल्डा शहराच्या बिशपकडून यायची होती, निरोप्याला उशीर झाला आणि द्राक्षं वेलीवरच कुजायला लागली. तरीही वाइन केली, ती अप्रतिम निघाली. उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनला जर्मनीत श्पेटलेझ म्हणतात, ती परंपरा इथूनच सांगितली जाते. त्या निरोप्याचा घोड्यावरचा पुतळा आवारात आहे.

आता फ्रीझरबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच होतं. घरचा फ्रीझर साधारण वजा १८ अंशांवर असतो आणि वाइन वजा ५-६ अंशांनाच गोठायला लागते. गोठताना ती फुगते, बूच वर ढकललं जातं, हवा आत शिरते. शिवाय रीझलिंगचं मोल तिच्या वासात आहे : पांढरी फुलं, पीच, लिंबाची साल. बर्फासारख्या गार वाइनमधून हा वास वर येतच नाही, हाती उरतो तो नुसता आंबटपणा. मग "एवढे पैसे देऊन हीच का ती?" असं वाटणारच.

बाटली फ्रिजच्या साध्या कप्प्यात तीन तास ठेवा आणि ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. ८ ते १० अंश पुरे. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फाने वेळ लागतो. ग्लासात मात्र बर्फ घालू नका.

फ्रीझरमध्ये ठेवलेली किंवा खडे दिसले म्हणून आणलेली बाटली आम्ही परत घेत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण बूच खराब निघालं, वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर बाटली जशीच्या तशी घेऊन या, बदलून देऊ. जुन्या रीझलिंगला पेट्रोलसारखा वास येतो, तो मात्र दोष नाही. ज्यांना त्याची गोडी लागली आहे ते मुद्दाम जुनी बाटली मागतात.

"गोड आहे का?" या प्रश्नाचं उत्तर बाटलीच्या तोंडावरच्या सीलच्या रंगात आहे. हिरवं सील श्पेटलेझचं. ते उघड गोड, पण आंबटपणामुळे जड होत नाही. कोळंबीचं तिखट कालवण असेल तर आम्ही हेच सुचवतो, गोडवा तिखटाला सावरून घेतो. कोथिंबीर वडी किंवा तळलेल्या सुरमईबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली हवी असेल, तर लेबलवर 'ट्रॉकन' लिहिलेली बाटली मागा.

संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर सकाळी फोन करा. बाटली योग्य तापमानाला आणून ठेवू, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.