सागरी मत्स्यालयातील औषधोपचार

खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या टाकीतील माशांच्या रोगांवर, मुख्यतः कल्ले व त्वचा यांवरील परजीवींवर, पाण्यातून, खाद्यातून किंवा अल्पकालीन स्नानाने औषध देण्याची पद्धत. औषध शोभेच्या टाकीत सहसा घालत नाहीत; मासे वेगळ्या उपचार-टाकीत हलवतात. परजीवींना मारणारी मात्रा प्रवाळ, कोळंबी व शंख यांनाही मारक ठरते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे टाकीतील खडक व वाळू औषध शोषून घेतात.

सर्वांत परिचित रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याच्या कारकाचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी बहुधा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केले. ब्राऊन यांनी १९५१ मध्ये त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. सिकामा यांनी १९६१ मध्ये त्याची गणना गोड्या पाण्यातील ठिपक्यांच्या परजीवीच्या प्रजातीत करून इक्थिऑफ्थिरियस मरायनस असे नाव सुचवले. पण आधीचे म्हणून ब्राऊन यांचेच नाव टिकले. दोन्ही परजीवी माशाच्या त्वचेत वाढतात, गळून पडतात व पुटीत (संरक्षक कवचात) विभागतात, त्यामुळे त्यांना निकटचे नातलग मानणे स्वाभाविक होते. रायबोसोमी आरएनएच्या जनुकांवरील अभ्यासांनी मात्र त्यांना पक्ष्माभिकी (अंगावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या) आदिजीवांच्या वेगवेगळ्या वर्गांत नेले. साम्य परजीवी राहणीतून स्वतंत्रपणे आले असावे, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते.

उपचाराची सारी आखणी या जीवनचक्रावर बसते. परजीवी ३ ते ७ दिवस माशाच्या त्वचेखाली असतो व तेथे पाण्यातील औषधापासून सुरक्षित राहतो. पुटीतही त्याला विशेष धक्का लागत नाही. पुटीतून बाहेर पडून मासा शोधणारी, एक-दोन दिवसच जगणारी पोहती अवस्था तेवढी औषधाच्या तावडीत सापडते. म्हणून चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असे नव्हे. औषध तेथेच थांबवल्याने रोग उलटल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. मखमली रोगाचा कारक अ‍ॅमिलोऊडिनियम ओसेलॅटम हा डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या तंतूंनी पोहणारा एकपेशीय जीव) याहून वेगवान असून पुष्कळदा अंगावर धूळ दिसण्यापूर्वीच कल्ले निकामी करतो.

दोन्हींवर जुने औषध तांबे. मुक्त ताम्र आयनांचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिग्रॅ. राखतात, त्याखाली परजीवी तगतात, फार वर गेल्यास कल्ल्यांना इजा होते. मोरचुदात (स्फटिकी ताम्र सल्फेटात) सुमारे २५.५ टक्के तांबे असते. ३.९३ ग्रॅ. शुद्ध मोरचूद ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण १ लिटर केले, की त्याच्या दर मिलि.त १ मिग्रॅ. तांबे येते. १०० लिटर पाण्याला असे २० मिलि. द्रावण दोन-तीन दिवसांत विभागून घालतात. दिवसातून दोनदा चाचणी करून घट भरून काढतात आणि उपचार किमान १४, ठिपक्यांच्या रोगात २१ ते ३० दिवस चालवतात. चिलेटयुक्त (तांबे सेंद्रिय रेणूंत बांधून ठेवलेल्या) ताम्रौषधांची मात्रा कित्येक पट अधिक असते. तिला वरील आकडे लावू नयेत. शार्क व पाकट यांना तांबे देऊ नये.

टाकीत कॅल्शियम कार्बोनेटी वाळू असली, की सकाळी बरोबर असलेले ताम्रप्रमाण संध्याकाळी घसरलेले दिसते. वाळूने तांबे ओढलेले असते आणि पुन्हापुन्हा भर घातल्याने हिशेब पुरता बिघडतो. म्हणून उपचार-टाकीचा तळ उघडा ठेवतात, लपायला पीव्हीसी नळीचे तुकडे देतात, औषध शोषणारा सक्रियित कार्बन काढतात. प्रत्यक्षात माशांचा बळी अनेकदा औषधापेक्षा माशांच्या उत्सर्गातून साचणारा अमोनियाच घेतो. शोभेच्या टाकीत आधी काही आठवडे ठेवून जीवाणू रुजवलेला स्पंज फिल्टर येथे कामी येतो. अमोनिया निष्प्रभ करणारी क्षपणकारी द्रावणे तांब्यासोबत वापरू नयेत. तांब्याची विषारता वाढते.

याच दोन रोगांवरचे दुसरे औषध क्लोरोक्वीन फॉस्फेट लिटरला १० मिग्रॅ. देतात, प्रकाशात त्याचे विघटन होत असल्याने टाकी अंधारी ठेवतात. त्वचेवरील चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल लिटरला २ ते २.५ मिग्रॅ. देतात व अंड्यांतून निघणाऱ्या पिढीसाठी ५ ते ७ दिवसांनी मात्रा पुन्हा देतात. ते पाण्यात सहजी विरघळत नाही. निदानासाठी समान तापमानाच्या व समान पीएचच्या गोड्या पाण्यात मासा ३ ते ५ मिनिटे बुडवतात: अंगावर न दिसणारे पारदर्शक नेओबेनेडेनिया कृमी दुधाळ होऊन खवल्यांसारखे बादलीच्या तळाशी पडतात. ऑक्सिटेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक समुद्रजलातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना बांधले जात असल्याने पाण्यातून देणे फारसे उपयोगी नाही. ते खाद्यातून देतात.

पाण्याचा खारेपणा कमी करून विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याचा उपाय ठिपक्यांच्या रोगावर चालतो, पण सर्व वाणांवर नाही. मखमली रोगावर त्याचा भरवसा नाही.

मासे काढलेली शोभेची टाकी दरम्यान माशांविना ठेवतात. पुट्या बहुधा ३ ते २८ दिवसांत फुटतात. तथापि ७२ दिवसांची नोंद असल्याने जाणकार ७६ दिवस थांबतात. या काळात एकही मासा टाकीत राहिला, तर मोजणी नव्याने सुरू करावी लागते.