कलर पिकर कंपोनंट

कलर पिकर कंपोनंट : वेब पानावर वापरणाऱ्याला रंग निवडता यावा म्हणून एकदाच बांधून हव्या तितक्या ठिकाणी बसवता येणारा भाग. ऑनलाइन लग्नपत्रिकेची पार्श्वभूमी, डॅशबोर्डवरचे आलेख, दुकानाच्या पानाची थीम, असे जिथे जिथे रंग बदलता येतात तिथे तो लागतो. दिसायला एक चौकोन, एक पट्टी आणि रंगाचा कोड टाकायची चौकट एवढाच असतो. पण यातल्या प्रत्येकात चुकायला भरपूर जागा आहे, आणि प्रत्येक पानासाठी तो नव्याने लिहिला की त्याच चुका पुन्हा होतात.

वेब पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने, एचटीएमएल५ ने, 'इनपुट' या टॅगला 'कलर' हा प्रकार दिला, त्यामुळे ब्राउझरचा आयता पिकर एका ओळीत मिळतो. त्यातून मिळणाऱ्या रंगाच्या कोडचे मूळ रूप म्हणजे हॅश (#) आणि त्यापुढे सहा षोडशमान अंक, म्हणजे ० ते ९ आणि A ते F. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ रंग. काहीच दिले नाही तर काळा धरला जातो. साध्या फॉर्मला हा पुरतो आणि तिथे वेगळा कंपोनंट आणूच नये. मात्र त्याची खिडकी कशी दिसेल हे ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवतात. सगळीकडे एकसारखे रूप, पारदर्शकतेची पट्टी किंवा संस्थेचे ठरलेले रंग ठरावीक मांडणीत हवे असतील, तर स्वतःचा पिकर बांधावा लागतो.

अशा पिकरमधला चौकोन बहुधा एचएसव्ही या पद्धतीवर चालतो. ॲल्वी रे स्मिथ यांनी ती १९७८ मध्ये मांडली. ह्यू म्हणजे मूळ रंग, ० ते ३६० अंश; तो पट्टीवर निवडतात. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा नव्हे, तर त्याची शुद्धता. आणि व्हॅल्यू म्हणजे उजळपणा. चौकोन रंगवायला चित्र लागत नाही. निवडलेल्या ह्यूच्या सपाट रंगावर डावीकडून पांढरा आणि खालून काळा विरत जाणारे दोन ग्रेडियंट (रंगछटांचे उतार) सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत टाकले की झाले.

खरी मेख आहे ती आत काय साठवायचे यात. #६६३३९९ हा जांभळा घ्या. सीएसएसमध्ये त्याला रिबेकापर्पल हे नाव आहे, सीएसएसचे जाणकार एरिक मायर यांच्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ २०१४ मध्ये दिलेले. एचएसव्हीत तो २७० अंश, सुमारे ६७ टक्के शुद्धता आणि ६० टक्के उजळपणा असा येतो. आता ठिपका तळाशी ओढला की कोड #०००००० होतो. कंपोनंटने फक्त हा कोड जपला असेल, तर जांभळा गेला. काळ्याला ह्यूच नसतो. गणित शून्य अंश सांगते, पट्टीवरचा ठिपका उडी मारून लाल टोकाला जातो, आणि ठिपका पुन्हा वर नेला तरी जांभळा परत येत नाही. म्हणून आत एचएसव्ही जपावे आणि बाहेर कोड द्यावा. बाहेरून परत आलेला कोड आपणच नुकताच दिलेला असेल, तर आतले आकडे नव्याने काढू नयेत. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत 'व्हॅल्यू' आणि 'ऑनचेंज' या प्रॉप्सवर, म्हणजे कंपोनंटला बाहेरून दिलेल्या गोष्टींवर, चालणाऱ्या पिकरला ही काळजी विशेष घ्यावी लागते.

कोडच्या चौकटीतही असाच एक खड्डा आहे. कोणी ६६३३९९ टाइप करायला घेतो. ६६३ पर्यंत पोचला की तो तीन अंकी वैध कोड होतो, म्हणजेच #६६६६३३, एक मेंदीसारखा रंग. तेवढ्यावर कंपोनंटने चौकट स्वतःच भरून टाकली तर टाइप करणारा गोंधळतो. चौकटीतला मजकूर एंटर दाबेपर्यंत किंवा बाहेर क्लिक होईपर्यंत जसाच्या तसा राहू द्यावा.

ओढताना रंग क्षणोक्षणी बदलतो. ब्राउझरचा मूळ पिकर यासाठी दोन इव्हेंट (घडामोडीच्या सूचना) देतो : ओढत असताना 'इनपुट', रंग पक्का झाल्यावर 'चेंज'. स्वतःच्या कंपोनंटनेही दोन्ही द्यावेत. पहिल्यावर पानाची झलक बदलावी, दुसऱ्यावर सर्व्हरकडे पाठवावे. नाहीतर एका ओढीत शेकडो विनंत्या जातात आणि अनडूचा इतिहास भरून जातो. बोटाने ओढताना पान सरकू नये म्हणून चौकोनाला सीएसएसमधले 'टच-ॲक्शन : नन' लागतेच.

कीबोर्डवर काम करणाऱ्यांचा विचार बहुतेक पिकर शेवटी करतात, तो आधी व्हायला हवा. पट्टीला 'स्लायडर' ही एरिया (ARIA, स्क्रीन रीडरसारख्या साधनांना पानाचा भाग काय आहे ते सांगणारी खूण) भूमिका द्यावी आणि बाणाच्या कळांनी ठिपका हलावा. चौकोन अवघड, कारण स्लायडर एकाच दिशेचा असतो. त्यात आडवा आणि उभा असे दोन स्लायडर ठेवणे हा चालणारा उपाय आहे.

तयार रंगांच्या टिकल्या आणि त्यांची नावे कंपोनंटच्या आत लिहू नयेत, प्रॉप्समधून घ्यावीत. पैठणी विकणाऱ्या दुकानाचे पान मग त्याच पिकरला अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी अशी नावे देऊ शकते, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे साधन) सहा अंक वाचण्याऐवजी 'मोरपंखी' म्हणतो.