लघवीतले रक्त आणि जुनी फाईल

वैशाखाच्या उकाड्यात लघवीला जळजळ झाली की कोकणात ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, आणि कमरेतून कळ आली की मुतखडा गृहीत धरून कुळथाचे कढण सुरू होते. पुष्कळदा हा अंदाज बरोबरही ठरतो. परंतु पूर्वी कर्करोगावर उपचार झालेल्या व्यक्तीच्या लघवीतून, विशेषतः काही न दुखता, रक्त गेले तर कढणावर दिवस काढणे मला फार धोक्याचे वाटते.

असे रक्त म्हणजे जुना कर्करोग मूत्राशयापर्यंत पसरल्याची खूण असू शकते. मूत्राशयात कर्करोग बाहेरून दोन वाटांनी येतो. गर्भाशयमुख, प्रोस्टेट आणि मोठे आतडे हे मूत्राशयाचे शेजारी असल्यामुळे तिथली गाठ वाढत थेट त्याच्या भिंतीत शिरते. जठर, स्तन किंवा त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या पेशी रक्तातून वा लसिकावाहिन्यांतून दुरून येतात. मूत्राशयाच्या गाठींमध्ये अशा बाहेरून आलेल्या गाठी थोड्याच असतात.

त्याहून फसवी गोष्ट मूत्रवाहिनीची. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणारी ही २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची बारीक नळी गाठीखाली दाबली गेली की मागे लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. हे सावकाश घडले तर कळही येत नाही, आणि दुसरे मूत्रपिंड सगळा भार उचलत असल्याने मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातील क्रिएटिनिनही वाढलेले दिसत नाही. साधी सोनोग्राफी ही सूज दाखवते. अडथळा नेमका कुठे आहे ते सीटी स्कॅनमध्ये कळते. ओटीपोटातील पसरण पाहण्यास एमआरआय उपयोगी पडतो.

लघवीतील पेशींची तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण भिंतीच्या बाहेरून आत सरकणाऱ्या गाठीच्या पेशी लघवीत उतरतीलच असे नाही. शेवटी दुर्बीण घालून तुकडा काढावा लागतो. तो मूळचा मूत्राशयाचाच की बाहेरचा, हे ठरवणे सर्वांत कठीण, आणि उपचार त्यावरच अवलंबून असतात. पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून उगम शोधतात. प्रोस्टेटच्या पेशींत बनणारे पीएसए हे प्रथिन सापडले तर रोख प्रोस्टेटकडे वळतो. मात्र गाटा-३ हे प्रथिन मूत्राशयाच्या आणि स्तनाच्या, दोन्ही कर्करोगांत आढळते. अशा वेळी जुना आजार माहीत नसेल तर निष्णात पॅथॉलॉजिस्टही चकतो.

मुंबईत शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या कित्येकांची फाईल कपाटात पावसाळ्याची ओल खात पडलेली असते. तपासणीला जाताना ती बरोबर न्यावी. पूर्वीच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा त्या रुग्णालयाकडे असेल तर मागवता येतो, आणि नव्या तुकड्याशी ताडून पाहता येतो.