उपमा, दृष्टांत आणि मराठी लेखन : थोडी पार्श्वभूमी

शाळेत अलंकार म्हणजे व्याख्या पाठ करा, उपमेय-उपमान ओळखा आणि मार्क घ्या, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. याचं मूळ संस्कृत काव्यशास्त्रात आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त ४, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढे भामह, दंडी, मम्मट अशा पंडितांनी प्रकार-उपप्रकार वाढवत नेले आणि नंतरच्या ग्रंथांत तर संख्या शंभरावर गेली.

मराठीत मात्र सुरुवातीपासून भर होता तो ऐकणाऱ्याला नीट कळावं यावर, आणि मला हेच जास्त मोलाचं वाटतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी साध्या गोष्टींतून तत्त्वज्ञान सांगायचे, ते त्यांच्या महानुभाव पंथातल्या केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केलं, त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी पण किती विचारपूर्वक आहे बघा, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट मूळ मुद्द्याला कशी लागू पडते ते.

मग १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. गीतेचे श्लोक ७००, ओव्या साधारण ९,०००, आणि हा विस्तार बराचसा उपमा-दृष्टांतांमुळेच झालाय. पहिल्या अध्यायात अर्जुन नातेवाईक समोर बघून खचतो, तिथे ज्ञानेश्वर भुंग्याचं उदाहरण देतात, कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. नुसतं 'अर्जुन हळवा झाला' म्हटलं असतं तर त्याची ताकद दिसली नसती, इथे ताकद आणि माया दोन्ही एकदम दिसतात. लिहिताना उपमा सुचली की एवढं तपासावंच, तिच्यामुळे काही नवीन दिसतंय का, नसेल तर सरळ काढून टाकावी.

सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात रूपक लोकांसमोर नाचवलं. काम-क्रोधाचा विंचू चावतो, अंगाला घाम फुटतो आणि उतारा सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा, म्हणजे एकच रूपक शेवटपर्यंत कुठेही न सोडता नेलंय!

पंडित कवींच्या काळात शब्दांच्या कसरतीला भाव आला, वामनपंडितांना तर 'यमक्या वामन' असंच नाव पडलं. मोरोपंतांची यमकं ऐकायला आजही छान वाटतात, पण भुंग्याच्या ओवीइतकी ती माझ्या मनात राहत नाहीत. पुढे केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिली, त्यात तुतारी नुसतं वाद्य राहत नाही, जुनं गाडून पुढे चला अशी हाक होते, आणि अख्खी कविता त्या एका प्रतिमेवर उभी आहे.