मांजराला मासे ‘उष्ण पडतात’ म्हणून खाज सुटते?

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतून हे अजून ऐकू येतं: मांजर खाजवतंय, म्हणजे मासे उष्ण पडले, बंद करा, दूधभात घाला. हे खरं नाही. अन्नाने खाज सुटलीच तर ती अॅलर्जीमुळे, आणि अॅलर्जीत शरीर एखाद्या प्रथिनाला शत्रू समजतं. ते माशातलं असेल, कोंबडीतलं असेल, दुधातलंही असेल.

मुळात खाजेचं नेहमीचं कारण पिसवा. दिसत नाहीत, कारण मांजर चाटताना त्या गिळून टाकतं. बारीक फणीत आलेली काळी कणी ओल्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांचीच विष्ठा. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही होतात बरं.

पिसवांचा बंदोबस्त होऊनही डोकं-मान खाजतच राहिली, तर पशुवैद्यांना विचारून पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार किमान ८ आठवडे द्यावा. मध्येच आजीने प्रेमाने दिलेला पेढ्याचा तुकडाही सगळं बिघडवतो. खाज थांबली की जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. ती परतली तरच अन्नाची अॅलर्जी म्हणायची.

आणि कृपा करून कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं (हे एक कीटकनाशक) पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्याने जीव जातो.